सलगम, कांदा आणि आहेराची वही

१

प्रस्तुत लेखनाला निमित्त झाले ते एका खेळाचे, आणि त्या खेळामुळे पुन्हा उघडाव्या लागलेल्या एका वहीचे. खेळ माझ्या मुलीचा. वही माझ्या आईची. दोहोंत देवघेव आहे, दोहोंत शेजारधर्म आहे आणि दोहोंत आकडे आहेत. खेळ जपानमध्ये तयार झाला. वही निफाड तालुक्यातल्या आमच्या घरी, फडताळात, हळदीकुंकवाच्या डागांसकट वाढत गेली. साहित्याच्या अभ्यासकाने पडद्यावरच्या खेळाकडे वळावे काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु देवांनी ब्रह्मदेवाजवळ जे मागितले ते एक खेळणेच होते, दिसेल आणि ऐकूही येईल असे खेळणे. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायातील ही कथा आपण दरवर्षी वर्गात सांगतो. तेव्हा खेळण्याचा विचार आपल्या शास्त्राला परका नाही, एवढे म्हणून पुढे जातो.

ज्या खेळांविषयी मी बोलत आहे त्यांना 'जीवनानुकारी' म्हणता येईल. त्यांत शत्रूला मारायचे नसते, शर्यत जिंकायची नसते. घर असते, शेजार असतो, दुकान असते, ऋतू असतात. 'द सिम्स' २००० साली आला. फेसबुकवरील 'फार्मव्हिल' २००९ मध्ये सुरू झाला आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद पडला. एरिक बॅरोन या गृहस्थांनी एकट्याने रचलेला 'स्टारड्यू व्हॅली' २०१६ मधला. माझ्या मुलीचा खेळ 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग'. त्याची पहिली आवृत्ती एप्रिल २००१ मध्ये जपानात निघाली. त्याचे कर्ते कात्सुया एगुची नोकरीसाठी चिबाहून क्योटोला आले, घरची माणसे आणि मित्र मागे राहिले, आणि त्या एकटेपणातून हा खेळ सुचला, असे त्यांनी सांगितले आहे. पोटासाठी गाव सोडलेल्या माणसाने शहरात बसून मनातले गाव पुन्हा उभारावे, ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. आपले कितीतरी ग्रामीण साहित्य शहरातल्या भाड्याच्या खोल्यांतच लिहिले गेले. मीही निफाडकडून नाशिकला आलो तो नोकरीसाठीच. अंतर चाळीसेक किलोमीटरांचे. पण शेतीच्या हिशेबात मी तेव्हापासून 'बाहेरचा' झालो. वाटा मात्र राहिला.

२

'अ‍ॅनिमल क्रॉसिंग'ची 'न्यू होरायझन्स' ही आवृत्ती २० मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झाली. पाच दिवसांनी देशभर टाळेबंदी आली. सिंगापूरच्या मावशीने आणून दिलेल्या यंत्रावर माझी मुलगी त्याच वर्षी तो खेळू लागली. गंगापूर रोडवरच्या आमच्या घरात तिला बाहेर जाण्याची मुभा नव्हती आणि पडद्यावर तिचे एक बेट होते. बेटावर प्राण्यांची वस्ती. ते पत्रे लिहितात, भेटी देतात, बरेच दिवस फिरकले नाही तर कुठे होतीस म्हणून विचारतात. घरासाठी कर्ज काढता येते; त्यावर व्याज नाही, मुदत नाही, वसुलीला कोणी येत नाही. हे शेवटचे ऐकून माझा थोरला भाऊ एकदा मोठ्याने हसला होता.

मला या खेळात गुंतवले ते सलगमांच्या व्यापाराने. दर रविवारी सकाळी डेझी मे नावाची एक रानडुकराची पोर डोक्यावर सलगमांची रास घेऊन बेटावर येते आणि दुपारी बारा वाजता निघून जाते. तिचा भाव नगाला ९० ते ११० 'बेल्स' या दरम्यान असतो. बेल्स हे तिथले नाणे. घेतलेला माल सोमवार ते शनिवार या दिवसांत बेटावरच्या दुकानात विकायचा. दुकानातला भाव दिवसातून दोनदा बदलतो. सकाळी एक, दुपारी बारानंतर दुसरा. कधी तो पन्नासाच्या खाली उतरतो, क्वचित पाचशेच्या वर चढतो. पुढल्या रविवारपर्यंत न विकलेला माल सडतो, आणि सडके सलगम जमिनीवर ठेवले तर त्यांना मुंग्या लागतात. जपानी भाषेत 'काबू' म्हणजे सलगम आणि 'काबू' म्हणजेच कंपनीचा समभाग. एका श्लेषावर हा सारा बाजार उभा आहे.

ज्याचे बालपण लासलगावच्या आवारात ट्रॉलीवर बसून गेले, त्याला या वर्णनात काय दिसेल हे सांगायला नको. लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. तिथेही भाव सकाळच्या सत्रात एक आणि दुपारच्या सत्रात दुसरा. ट्रॅक्टर रांगेत उभे राहतात, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी थांबतो, कोणी मूठभर कांदा उचलून चुरगाळून पाहतो, बोली होते, घोळका पुढे सरकतो. वर्षाच्या मेहनतीला मिनिटभरही लागत नाही. पुढे माल रिकामा करताना तळाचा कांदा वेगळा निघाला असे व्यापाऱ्याने म्हटले की 'वांधा' उभा राहतो आणि ठरलेला भाव पुन्हा घासाघाशीला येतो. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने तग धरतो. खरिपाचा लाल कांदा मात्र धरून ठेवता येत नाही. तो काढला की विकावा लागतो. सलगमाचे खरे भावंड हा लाल कांदा.

मुलगी भावाची वाट पाहत असे तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मला ओळखीची रेघ दिसे. परंतु त्या दोन काळज्यांची जात वेगळी होती. अभिनवगुप्तांनी रसास्वादाची जी विघ्ने सांगितली त्यांत स्वतःच्याच सुखदुःखात अडकून पडणे हे एक आहे. मुलीची काळजी आस्वाद्य होती, कारण बुडाले तरी घरात काही कमी पडणार नव्हते. दादाच्या काळजीत ते विघ्नच तेवढे होते. खेळाने व्यापाराचे एक प्रकारे साधारणीकरण केले आहे, असे मी तेव्हा मनाशी म्हटले आणि विषय मिटला असे समजलो. तो तसा मिटला नव्हता.

३

संहितेत काय आहे यापेक्षा काय नाही ते पाहावे, ही सवय पिएर माशेरे यांच्या १९६६ मधील ग्रंथापासून समीक्षकांना लागली. ती सवय घेऊन सलगमांच्या बाजाराकडे पाहिले तर दोन अनुपस्थिती जाणवतात.

पहिली अनुपस्थिती खाणाऱ्याची. दुकानदार हजारो सलगम विकत घेतो. ते पुढे कोणाला विकतो हे खेळ सांगत नाही. भावामागे कोणाची भूक नाही, कोणाचे घरखर्चाचे गणित नाही. म्हणून भाव चढला तर कोणी रस्त्यावर येत नाही आणि राज्यकर्त्याला बाजारात हात घालावा लागत नाही. लासलगावचा भाव ठरवण्यात दूरच्या शहरांतला खाणारा अदृश्यपणे सामील असतो. १९९८ मध्ये दिल्लीतल्या निवडणुकीत कांद्याच्या भावाने काय केले ते सर्वश्रुत आहे. उलट बाजूने, २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांद्याचे आलेले १,०६४ रुपये मनिऑर्डरने पंतप्रधानांकडे पाठवले. ती मनिऑर्डर हे एक वाक्य होते, आणि ज्याच्यासाठी भाव पाडला जातो त्या अदृश्य खाणाऱ्यालाही ते उद्देशून होते, असे मला वाटते.

दुसरी अनुपस्थिती अधिक सूक्ष्म आहे. खेळात एक बेट सोडून दुसऱ्याच्या बेटावर जाता येते. तिथे भाव चांगला असेल तर आपला माल तिथल्या दुकानात विकता येतो. मुलीची एक मैत्रीण पुण्याला राहायला गेली होती. तिच्या दुकानात पाचशेच्या वर भाव लागला की ती हिला निरोप पाठवी, बेटाचे दार उघडी, आणि ही आपले सलगम तिथे रिते करून येई. येताना फाटकापाशी काहीतरी भेट ठेवून येई. मला हे फार हृद्य वाटले. आमच्या शिवारात भाव कळला की तो आधी पोटात ठेवतात, मग मालाची ट्रॉली गावाबाहेर पडल्यावर ओठावर आणतात.

पुष्कळ विचारानंतर माझ्या लक्षात आले की या औदार्याला एक आधार आहे. मुलीने मैत्रिणीच्या दुकानात कितीही माल ओतला तरी तिथला भाव उतरत नाही. देणाऱ्याचे काही जात नाही. आवक वाढली की भाव पडतो, हा बाजाराचा पहिला धडाच खेळाच्या कर्त्यांनी गाळला, आणि तो गाळल्यामुळेच व्यापार आणि मैत्री यांचा तंटा मिटला. एका नियमाच्या अभावावर एवढे मोठे सौजन्य उभे आहे. आणि तरीही माणसाचा स्वभाव पाहा. एका बेटावर एका वेळी आठच खेळाडू मावतात. तेव्हा चढ्या भावाच्या बेटांपुढे अनोळखी लोकांच्या रांगा लागल्या आणि काही यजमान प्रवेशासाठी बक्षिसी मागू लागले. भावात नसलेली टंचाई फाटकातून आत आली.

योहान हुइझिंगा यांनी १९३८ मध्ये खेळाची जागा रोजच्या जगण्यापासून कुंपणाने वेगळी काढली. रोजे कैल्वा यांनी १९५८ मध्ये खेळातून नवी संपत्ती निर्माण होत नाही असे सांगितले. दोघांच्याही मांडणीत खेळ हा व्यवहाराच्या पलीकडचा आहे. जीवनानुकारी खेळांत व्यवहार हाच खेळाचा विषय होतो. म्हणून तिथे विचारायचा प्रश्न असा, की व्यवहारातले काय कुंपणाबाहेर ठेवले? माझे उत्तर असे आहे: एकाचा लाभ ही दुसऱ्याची हानी असते तो क्षण. आपले कथात्म साहित्य मात्र बहुधा त्याच क्षणी सुरू होते. रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा' (१९७१) मध्ये खेड्यातल्या एका शिंप्याच्या कुटुंबाची वाताहत त्याच्या बायकोच्या तोंडून येते. तिथे धंदा, वैर आणि घर ही तीन सूत्रे वेगळी करता येत नाहीत. ती वेगळी केली असती तर एक चांगला खेळ झाला असता, कादंबरी झाली नसती.

४

एवढे लिहून थांबलो असतो तर हा लेख सोपा झाला असता. पण ज्या क्षणाविषयी मी बोलतो आहे तो माझ्या घरात येऊन गेला आहे, आणि त्यात मी केवळ समीक्षक नव्हतो.

२०२३ च्या डिसेंबरात आमचा आणि शेजारच्या बांधावर माझ्या चुलतभावाचा, आप्पाचा, लाल कांदा एकाच वेळी काढणीला आला. पेठ-सुरगाण्याकडून आलेली मजुरांची टोळी आधी दादाकडे लागली होती. सलगमांचा भाव विक्रीने पडत नाही. पण मजुरांची टोळी एका वेळी दोन शेतांत असू शकत नाही. सोमवारी, ४ डिसेंबरला, रात्री आप्पाचा मला फोन आला. दादाचा कांदा काढून झाला होता. राहिले होते ते कापणीचे आणि निवडीचे थोडे काम, जे घरच्या माणसांनाही उरकता आले असते. "तुझं ऐकतो तो. टोळी मोकळी कर म्हणावं उद्या," आप्पा म्हणाला. मी "सांगतो" म्हटले.

मी सांगितले नाही. माझ्यापुढे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, हे खरे. अर्धा कांदा माझा होता, हेही खरे. या दोन सत्यांपैकी कोणत्याने मला गप्प बसवले, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे.

दादाने टोळी आणखी दोन दिवस ठेवली आणि बुधवार-गुरुवारी माल विकला. गुरुवारी, ७ डिसेंबरला, केंद्र सरकारची अधिसूचना निघाली आणि ८ डिसेंबरपासून कांद्याची निर्यात बंद झाली. जिल्ह्यात लिलाव बंद पडले. चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. लिलाव पुन्हा सुरू झाले तेव्हा भाव बराच उतरला होता. आप्पाच्या हाती दादाच्या निम्म्याहून थोडे अधिक पडले. तो काही बोलला नाही. दादाही बोलला नाही. पुढल्या आठवड्यात माझ्या खात्यावर माझा वाटा जमा झाला, आणि त्यातून मी मुलीच्या शिकवणीचे शुल्क भरले.

त्याच आठवड्यात मुलीने पुण्याच्या मैत्रिणीच्या बेटावर सलगम विकले होते. जेवताना तिने ते आनंदाने सांगितले. मला तिच्याकडे पाहवेना.

५

आता वहीविषयी. जीवनानुकारी खेळांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की ते स्नेहाचे आकड्यांत रूपांतर करतात. 'स्टारड्यू व्हॅली'त हे उघडपणे दिसते. गावकऱ्याला आठवड्यात दोन भेटी देता येतात. अत्यंत आवडती भेट दिली तर ८० गुण, नावडती दिली तर गुण वजा. वाढदिवसाला दिलेल्या भेटीचे गुण आठपट. २५० गुणांचे एक 'हृदय'. रोज बोलणे झाले नाही तर गुण थोडे थोडे झिजतात. हे वाचून आमच्यातला सुसंस्कृत माणूस दुखावतो. पण ज्याच्या घरी आहेराची वही आहे त्याने फार दुखावू नये.

आईच्या वहीत चाळीस वर्षांच्या लग्नामुंजींच्या नोंदी आहेत: कोणी किती रुपये दिले, कोणी लुगडे, कोणी पातेले. नाशिकच्या भांडी बाजारातून आणलेल्या पितळी डब्यांच्या नोंदीपुढे डब्याचा आकारही आहे. आपण कोणाकडे जाताना ती वही उघडायची, त्यांचे जुने पान काढायचे आणि त्यापेक्षा थोडे अधिक न्यायचे, हा आईचा नेम. अधिक किती, याचेही शास्त्र होते. फार अधिक नेले तर समोरच्याला ओझे. आणि रक्कम कधी पुरी नसे. पाचशे एक, अकराशे एक. वरचा एक रुपया हिशेब मिटू नये म्हणून. मार्सेल मोस यांनी १९२५ मध्ये दानाविषयी जे लिहिले त्याचा गाभा आईला वरच्या रुपयात कळलेला होता: दान परतफेडीचे बंधन घालते, आणि ते बंधन हेच नाते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा'त (१९१५) नोंदवलेल्या बलुत्यातही काम आणि धान्य यांचा मेळ व्यवहारापुरता मिटत नाही. तो पुढल्या सुगीवर टाकलेला असतो. या व्यवस्थेत जातीचा जाच होता, हे विसरून तिचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. सांगायचे एवढेच की आकडा हा स्नेहाचा शत्रू नव्हता. हिशेब चालू राहणे, हाच त्या सगळ्याचा प्राण होता.

म्हणून खेळाने नात्यांचे आकडे केले ही तक्रार मला आता पोकळ वाटते. खेळात उणीव असेल तर ती अशी, की तिथे हिशेब मिटवता येत नाही. भातुकलीत एखादी मुलगी "मी नाही खेळत" म्हणून आपली बोळकी-पातेली उचलून घरी जाऊ शकत असे. त्या शक्यतेमुळे तिचे खेळत राहणे ही एक निवड होती. बेटावरचा शेजारी महिनोन्‌महिने दुर्लक्ष केले तरी परतलेल्या खेळाडूचे स्वागत करतो. रुसणे आहे, ते दोन भेटींत उतरते. अन्याय झालेला माणूस तिथे नाही, आणि म्हणून क्षमा करणाराही नाही.

मे २०२४ मध्ये दादाच्या मुलीचे लग्न झाले. ४ मे रोजी निर्यातबंदी उठली होती. मांडवात बोलणे त्याचेच होते. आई गेल्यापासून आहेर लिहायचे काम शिकलेला म्हणून माझ्याकडे असते. आप्पा आला. पंगतीला बसला, वऱ्हाडाची विचारपूस केली, मग माझ्यापुढे येऊन पाकीट ठेवले. मी ते उघडले आणि वहीत लिहिले: दोन हजार एकशे एक. लिहिता लिहिता हात थांबला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलाच्या लग्नात आम्ही दोन हजार एकशे एकच दिले होते. आप्पाला जुने पान पाठ होते. त्याने त्यावर एक पैसा चढवला नव्हता आणि एक पैसा ठेवला नव्हता; वरचा रुपयाही परत आला होता. आमच्याकडे याला 'फिटंफाट' म्हणतात. चारचौघांत कोणाला काही दिसले नाही. आईला दिसले असते.

या नोंदीने मला खेळाविषयी जे शिकवले ते कोणत्याही ग्रंथाने शिकवले नसते. दोन समान आकड्यांत एक वाक्य मावू शकते, आणि ते वाचायला दोन्ही पाने एकाच हाताने लिहिलेली असावी लागतात. खेळातला आकडा नात्याची मोजदाद करतो; त्यातून बोलत नाही, कारण तिथे आकडा ठेवणारा आणि दुखावणारा एकच माणूस नसतो. मुलीला मी हे सारे सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, "मग आप्पाकाकांना माहीत आहे का, की फोन तुम्ही केला नाही?"

नाही. आप्पा दादाला दोषी धरतो. दादाला वाटते, आप्पा भावामुळे खट्टू झाला. माझे "सांगतो" हे त्या दोघांच्या मधे पडून आहे, आणि त्याला आहेराच्या वहीत रकाना नाही.

आप्पाच्या नातवाचे बारसे येत्या पंधरवड्यात आहे. वहिनीने काल फोनवर विचारले, काय न्यायचे. फिटंफाट झालेल्या हिशेबात पुन्हा कोणीतरी आधी देणे, एवढीच वाट मला दिसते. मी म्हटले, वरचा रुपया धरून न्या. मी स्वतः मात्र आदल्या दिवशी, पाकिटाशिवाय, जाऊन येणार आहे.